परदेशी साइटवरून मागवलं की खरंच पैसे वाचतात का? (वर्षभराची वही उघडून)

रिळवाला | रविवार, २१:४७

माझा जुना कॅसेट डेक मध्यंतरी बंद पडला. प्ले दाबलं की मोटर फिरल्याचा आवाज यायचा, पण रीळ हलायचं नाही. झाकण काढलं तर आतला रबरी बेल्ट वितळून डांबरासारखा झालेला. अर्धा पुलीला चिकटलेला, अर्धा तळाशी ओघळलेला. बोटाला लागला तो दोन दिवस साबणाला दाद देईना.

तिघा दुरुस्तीवाल्यांना विचारलं. एक म्हणाला बेल्ट सुटा येत नाही, आतली अख्खी असेंब्ली बदलावी लागेल. दुसऱ्याने तिचा जो आकडा सांगितला त्यात दुसरा सेकंडहँड डेक आला असता. तिसरा नुसताच हसला. शेवटी रात्री बाराला परदेशी बाजाराच्या एका साइटवर शोधलं, तर वेगवेगळ्या मापांच्या तीस बेल्टचं पाकीट, घरपोच, त्या असेंब्लीच्या किमतीच्या विसाव्या हिश्श्यात! एकोणीस दिवसांनी करडं पाकीट दारात आलं. डेक वाजतोय, आता लिहितानाही वाजतोय.

या आनंदात बायकोला म्हटलं, "बघ, किती पैसे वाचवतो मी." ती म्हणाली, "वही काढ."

वही म्हणजे, गेल्या वर्षी जानेवारीत मी सहज एका वहीत परदेशातून मागवलेली प्रत्येक गोष्ट लिहायला लागलो होतो. तारीख, वस्तू, दिलेले पैसे, इथे तीच कितीला मिळाली असती, आणि शेवटी शेरा. वर्षात ४१ ऑर्डरी. वरवरच्या बेरजेत मी भरपूर पैसे वाचवले. मग बायकोने लाल पेन घेतलं. चार पाकिटं आलीच नाहीत (तिघांचे पैसे परत, चौथ्याची तक्रारीची मुदत उलटून गेली). सहा वस्तू आल्या पण बिनकामाच्या. नऊ वस्तू चांगल्या आहेत, फक्त त्या मला नको होत्या. "इथे कितीला मिळाली असती" या रकान्यातला आकडा त्या नवांच्या बाबतीत शून्य धरायला हवा, कारण इथे असत्या तर मी त्या घेतल्याच नसत्या. हे तिचं म्हणणं, आणि ते खोडून काढायला मला अजून जमलेलं नाही.

तरी उरलेल्या बावीसांत फरक खराखुरा आहे, आणि थोडाथोडका नाही. तर प्रश्न असा: हा फरक येतो कुठून? तीच वस्तू, बऱ्याचदा त्याच कारखान्यातली, हजारो किलोमीटर उडून येऊनही स्वस्त कशी? तुम्ही लोक परदेशातून काय मागवता, काय कानाला खडा लावून सोडलंत, तेही लिहा.

---

नवखा | रविवार, २२:०५

छान विषय. मला एक बाळबोध शंका नेहमी येते. मी एकदा मोबाइलची काच मागवली, शिपिंग फुकट. तेवढं पाकीट मी माझ्याच देशात दुसऱ्या गावी पाठवायला गेलो तर त्या काचेच्या दुप्पट टपालखर्च येतो. मग तो विक्रेता फुकट पाठवतो कसा? पदरचे घालतो का?

---

फिरकी | रविवार, २२:११

पदरचे घालत नाही हो, तुमच्या पदरातले काढतो, तेही हळूच. हलके घ्या.

रिळवाले, वहिनींना दंडवत सांगा.

---

तिकीटवेडा | रविवार, २३:३०

@नवखा, शंका बाळबोध नाही. तिच्यावरून एक बलाढ्य देश आंतरराष्ट्रीय टपाल संघातून बाहेर पडायला निघाला होता. मी तिकिटं जमवतो, त्यामुळे हा माझा लाडका विषय. जरा लांबेल.

१८७४ साली बर्नमध्ये करार होऊन टपाल संघ उभा राहिला. तेव्हाचा हिशेब फार गोड होता. ज्या देशाने तिकीट विकलं त्याने पैसे ठेवायचे, आणि पत्र पोचवणाऱ्या देशाने ते फुकट पोचवायचं. कारण पत्राला उत्तर येतंच! तुमचं एक आमच्याकडे, आमचं एक तुमच्याकडे, फिट्टंफाट. जवळजवळ शंभर वर्षं हे असंच चाललं. पण मासिकं, छापील माल, पाकिटं एकाच दिशेने जास्त वाहायला लागली. पाकिटाला कोणी उत्तर पाठवत नाही. तेव्हा १९६९च्या टोकियो अधिवेशनात ठरलं की पोचवणाऱ्या देशाला काही मोबदला द्यायचा. त्याला टर्मिनल ड्यूज म्हणतात. त्यात पुढे देशांचे गट पडले आणि विकसनशील देशांना दर कमी ठेवले गेले. हेतू चांगलाच होता.

नंतर ऑनलाइन विक्री आली. चीन जगाचा कारखाना झाला तरी टपालाच्या तक्त्यात बरीच वर्षं सवलतीच्या गटातच राहिला. त्यात २०१०च्या सुमारास चीन आणि अमेरिकेच्या टपाल खात्यांनी हलक्या पाकिटांसाठी 'ई-पॅकेट' नावाची सेवा काढली, दोन किलोपर्यंत, ट्रॅकिंगसकट. शेवटच्या टप्प्याचा, म्हणजे तुमच्या दारापर्यंतचा खर्च, बराचसा तुमच्याच देशाचं टपाल खातं सोसत होतं. म्हणजे ते 'फुकट' शिपिंग थोडंफार तुमचे शेजारी त्यांच्या तिकिटातून भरत होते.

ऑक्टोबर २०१८मध्ये अमेरिकेने संघ सोडण्याची नोटीस दिली. सप्टेंबर २०१९मध्ये जिनिव्हात खास अधिवेशन भरलं आणि तडजोड झाली. ज्यांच्याकडे टपाल ढिगाने येतं त्यांना आपले दर आपण ठरवायची मुभा मिळाली. अमेरिकेने जुलै २०२०पासून ती वापरली. तेव्हापासून टपालाचा तो जुना झरा आटत गेलाय. आजची बरीच पाकिटं टपाल खात्याने येतही नाहीत. साइटवाले स्वतः मालवाहू विमानात जागा घेतात, पलीकडे उतरवतात आणि स्थानिक कुरिअरच्या हवाली करतात. खर्च पुरता खरा असतो, तो वस्तूच्या किमतीत मुरवलेला असतो एवढंच.

अवांतर: त्या करड्या पाकिटांवर तिकीट नसतं, नुसता बारकोड असतो. आमच्यासारख्यांच्या दृष्टीने खरा तोटा तो.

---

गल्ल्यावरून | सोमवार, ०८:१२

दुकानदार बोलतोय. शिव्या नंतर द्या, आधी ऐकून घ्या.

मी छोट्या इलेक्ट्रिक सामानाचा व्यापारी, वडिलांपासून धंदा. परदेशी साइटवर दिसणाऱ्या बऱ्याच वस्तू मी ओळखतो, कारण त्या माझ्याही फळीवर आहेत. तोच साचा, तीच खोकी, फक्त माझ्या खोक्यावर आयातदाराचं नाव.

रिळवाले विचारतात फरक कुठून येतो. समजा, वस्तू कारखान्यातून १०ला निघाली. एकच पाकीट विमानाने आणण्यापेक्षा कंटेनरमधून आणणं नगामागे कितीतरी स्वस्त. म्हणजे वाहतुकीत मीच जिंकायला हवा. पण आयातदार किमान हजार नग उचलतो, पैसे आधी भरतो, माल दोन महिने समुद्रावर आणि चार महिने गोदामात. जकात भरली की १३. तो आपले टक्के लावतो, वितरकाकडे १७. वितरक १७वर टक्के लावतो, १३वर नाही. माझ्याकडे येते २१ला. मी त्या २१वर भाडं, वीज, पोराचा पगार, फुटलेला माल, न खपलेला माल आणि माझं पोट लावतो. ३०. यात कोणीही लुटलेलं नाही, टक्का टक्क्यावर चढत गेला, बस्स. साइटवाला मधल्या तिन्ही पायऱ्या उडी मारून ओलांडतो आणि तुम्हाला १६ला देतो.

मला खुपतं ते वेगळंच. गिऱ्हाईक दुकानात येतं, वस्तू हातात घेतं, पंधरा मिनिटं मला प्रश्न विचारतं, फोटो काढतं आणि "सांगतो" म्हणून जातं. महिन्याने तेच गिऱ्हाईक साइटवरून आणलेली वस्तू घेऊन येतं आणि विचारतं, "जरा जोडून देता का?"

---

रिळवाला | सोमवार, ०९:०३

@गल्ल्यावरून, फोटो मीही काढलेत. कबूल.

पण एक विचारतो, राग मानू नका. बेल्ट तुमच्याकडे का नव्हता?

---

गल्ल्यावरून | सोमवार, ०९:४०

कारण तुमच्यासारखं गिऱ्हाईक वर्षात दोनदा येतं, दोघांची मापं वेगळी असतात. तीस मापं ठेवायची तर पेटीभर पैसे अडकले, आणि रबर पडून पडून तुमच्या डेकमधल्यासारखंच व्हायचं. साइटवाल्याचं गिऱ्हाईक अख्खं जग आहे. मला वर्षात दोन, त्याला दिवसाला दोनशे. तिथे मी हात टेकतो. अशी वस्तू खुशाल तिकडून मागवा, मीच सांगेन. माझं भांडण चार्जरवरून आहे.

---

हिशेबनीस | सोमवार, १३:२६

माल सोडवण्याच्या कामात आयुष्य गेलं, म्हणजे कस्टम्स क्लिअरिंगमध्ये. गल्लेकाकांच्या हिशेबात एक मोठी गोष्ट अर्धीच आली ती पुरी करते. त्यांच्या १०चे १३ झाले, साइटवाल्याचे नाही झाले, ते का?

बऱ्याच देशांत एक उंबरठा असतो. त्याच्या खालच्या किमतीच्या पाकिटावर जकात नाही. मूळ कारण अगदी साधं, अशा पाकिटावर कर वसूल करायला जेवढा खर्च येईल तेवढा करच नसतो. पण हा नियम भेटवस्तू, नमुने, एखाददुसरं पुस्तक यांच्या काळातला. दिवसाला लाखो पाकिटं येतील असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्यातून झालं असं की काकांनी हजार नग एकगठ्ठा आणले तर प्रत्येकावर जकात, आणि हजार लोकांनी एकेक आणला तर सगळे माफ. माल तोच, देश तोच.

अमेरिकेने हा उंबरठा मार्च २०१६मध्ये २०० डॉलरवरून ८०० केला. लोकांना वाटतं ही साइटवाल्यांची हुशारी, पण निम्मी हुशारी त्या उंबरठ्याची होती. २०२४च्या आर्थिक वर्षात तिथे अशी पाकिटं १३६ कोटींवर गेली. मग मे २०२५मध्ये चीन-हाँगकाँगच्या मालाची माफी काढली आणि २९ ऑगस्ट २०२५पासून सगळ्याच देशांची. त्या आठवड्यांत अनेक देशांच्या टपाल खात्यांनी अमेरिकेकडे जाणारी पार्सलं घेणंच थांबवलं होतं, कारण कर कोणी आणि कसा गोळा करायचा याचा पत्ता नव्हता.

युरोपने हे आधीच टप्प्याटप्प्याने सुरू केलं होतं. १ जुलै २०२१पर्यंत २२ युरोंच्या आतल्या मालाला व्हॅटही माफ असायचा, तो बंद झाला. १५० युरोंच्या आतली जकातमाफी तेवढी उरली होती. डिसेंबर २०२५मध्ये त्यांच्या अर्थमंत्र्यांनी ठरवलं की जुलै २०२६पासून अशा पाकिटांतल्या वस्तूंवर प्रत्येक प्रकारामागे ३ युरो ठोक जकात. ऑस्ट्रेलियाने २०१८च्या जुलैपासूनच १००० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आतल्या मालावर जीएसटी लावला, आणि तो वसूल करायची जबाबदारी साइटवरच टाकली. ते मला सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं, कारण गिऱ्हाइकाला जी किंमत दिसते तीच शेवटची.

म्हणून वर्षभरापूर्वीचा कोणाचा अनुभव वाचून मागवू नका. "मी मागवलं होतं, काही लागलं नाही" हे वाक्य आमच्या खिडकीशी रोज ऐकू यायचं.

आणखी एक. "विक्रेत्याला गिफ्ट लिहायला सांगतो, किंमत कमी लिहायला सांगतो" हा प्रकार करू नका. खोटं जाहीरपत्र तुमच्या नावावर लागतं. वर पाकीट हरवलं तर भरपाई त्या लिहिलेल्या किमतीचीच.

---

नवखा | सोमवार, १३:५०

ताई, म्हणजे किंमत बघताना नेमकं काय काय मिळवायचं?

---

हिशेबनीस | सोमवार, १४:१५

वस्तू, शिपिंग, विमा. बऱ्याच देशांत जकात या तिन्हींच्या बेरजेवर लागते, एकट्या वस्तूवर नाही. त्यावर जकात, मग जकातीसकट बेरजेवर व्हॅट किंवा जीएसटी. त्यावर कुरिअरवाल्याचं 'हँडलिंग'. त्याने तुमच्या वतीने कर भरला त्याचं शुल्क, आणि छोट्या पाकिटावर तेच कधी कधी करापेक्षा मोठं निघतं. शेवटी कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क.

पैसे भरताना साइट विचारते, तुमच्या चलनात दाखवू का? सोय वाटते, पण तो दर साइटचा किंवा मधल्या कंपनीचा असतो आणि सहसा बँकेपेक्षा महाग पडतो. विक्रेत्याच्या चलनात भरा, रूपांतर तुमच्या बँकेला करू द्या. अर्थात आधी तुमच्या कार्डाचे दर बघून घ्या.

ऑर्डर देताना 'ड्यूटी पेड' असं लिहिलंय का ते शोधा. नसेल तर दाराशी आलेला माणूस हात पुढे करणार हे धरून चाला.

---

बोरूबहाद्दर | सोमवार, २२:४८

सगळे चीनवरच बोलताय. मी शाईपेनवाला. माझं तीर्थक्षेत्र जपान. पायलट, सेलर, प्लॅटिनम. सोन्याच्या निबेचं पेन जपानी दुकानदाराकडून मागवलं तर बाहेरच्या अधिकृत विक्रेत्यापेक्षा इतकं स्वस्त पडतं की सगळे कर भरूनही हातात काही उरतं. इथे कोणी कारखान्यातून थेट देत नाहीये, दुकानदारच दुकानदारीचा नफा घेऊन देतोय. तरी स्वस्त!

माझ्या मते याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे चलन. २०२१च्या सुरुवातीला एका डॉलरला १०४च्या आसपास येन मिळायचे, २०२४च्या जुलैत १६०च्या वर. जपानातली किंमत येनमध्ये जवळपास तिथेच, आणि डॉलरच्या हिशेबात मात्र बसल्या जागी तिसरा हिस्सा सूट. पुढे कंपन्यांनी दर वाढवले ते वेगळं, पण मधली ती खिडकी ज्याने पकडली तो धन्य. (मी पकडली. तीनदा. बायकोला दोनदाच माहीत आहे.)

दुसरं कारण जास्त मजेचं आहे. कंपनी तीच वस्तू देशादेशांत वेगळ्या दराने विकते, ज्याच्या त्याच्या खिशाचा अंदाज घेऊन. पुस्तकांत हे सर्रास चालतं. सुपाप किर्तसेंग नावाचा थायलंडचा विद्यार्थी अमेरिकेत शिकायला गेला. त्याने पाहिलं की जी इंग्रजी पाठ्यपुस्तकं अमेरिकेत महाग, त्यांच्याच परदेशी आवृत्त्या थायलंडमध्ये स्वस्त. घरच्यांना सांगितलं, घ्या आणि पाठवा. ईबेवर विकली. प्रकाशकाने, म्हणजे जॉन वायलीने, २००८मध्ये कोर्टात खेचलं. खालच्या कोर्टांत हरला, पण १९ मार्च २०१३ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन असा त्याच्या बाजूने निकाल दिला. कायदेशीर बनवलेली प्रत एकदा विकली की ती परदेशात विकली तरी प्रकाशकाचा तिच्या पुनर्विक्रीवरचा हक्क संपला.

म्हणजे आपण परदेशातून मागवतो तेव्हा काही वेळा कंपनीने मुद्दाम बांधलेली भिंत ओलांडत असतो. म्हणूनच वॉरंटी देताना ते तोंड फिरवतात.

---

फिरकी | सोमवार, २२:५५

बोरूबहाद्दर, तिसरं पेन कुठे लपवलंय तेवढं सांगा. माझंही काही लपवायचं आहे.

---

चष्मेवाली | मंगळवार, ११:०९

माझी करुण कहाणी. केस वाळवायचं यंत्र. ज्या देशात घरात १२० व्होल्ट असतात तिथून मागवलं, आमच्याकडे २३०. पिना वेगळ्या होत्या म्हणून पिना बदलायचं अडॅप्टर घेतलं आणि मला वाटलं झालं काम. लावलं. साताठ सेकंद इतका जोराचा वारा आला की मी खूश! मग नारिंगी प्रकाश, मग वास. पिना बदलल्या म्हणजे व्होल्टेज बदलत नाही हे मला मुलाने नंतर समजावलं, जरा जास्तच सविस्तर.

चूक माझी होती, मान्य. पण त्याच ऑर्डरमधला दिवा फुटका आला होता, ती तर माझी चूक नव्हती? विक्रेता म्हणाला, परत पाठवा, पैसे मिळतील. कुरिअरकडे गेले. त्याने फूटपट्टी काढली. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००, एवढे किलो धरणार म्हणे. दिवा हलका, पण खोकं मोठं. परत पाठवायला दिव्याच्या दीडपट पैसे. घरी आणला. अजून माळ्यावर आहे, खोक्यासकट.

तेव्हापासून माझा नियम म्हणजे परत करावी लागू शकेल अशी वस्तू परदेशातून घ्यायची नाही. चप्पल, कपडे, काचेचं सामान, सगळं बाद.

---

हिशेबनीस | मंगळवार, १२:३१

@चष्मेवाली, फुटक्या वस्तूचं खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढून साइटच्या तक्रारीत लावला असता तर परत न पाठवताही पैसे मिळण्याची शक्यता होती. स्वस्त मालात विक्रेत्यालाही तो परत नकोच असतो. आणि रिळवाल्यांच्या चौथ्या पाकिटासारखं होऊ देऊ नका. विक्रेता गोड बोलून "आणखी दहा दिवस थांबा" म्हणतो, तेवढ्यात तक्रारीची मुदत संपते. थांबायचं असेल तर तक्रार टाकून थांबा.

---

स्पष्टवक्ती | मंगळवार, २०:२०

मला धाग्याचं नावच पटलेलं नाही. 'पैसे वाचवायला' किती जण मागवतात? रिळवाल्यांच्या त्या नऊ वस्तूंबद्दल कोणी बोलत का नाही? अ‍ॅप उघडलं की चक्र फिरतं, सूट मिळाली, घड्याळ उलटं धावतंय, अजून थोडं घातलं की शिपिंग फुकट. शिपिंग वाचवायला आपण शिपिंगपेक्षा जास्त किमतीची वस्तू घेतो. मी स्वतः घेतलीये, लिंबाच्या आकाराची मोजपट्टी. घरात तीन मोजपट्ट्या असताना!

आणि मिळते तेव्हाची गंमत. तीन आठवड्यांनी पाकीट येतं तेव्हा आपण काय मागवलं होतं ते विसरलेलो असतो. स्वतःच स्वतःला पाठवलेली भेट उघडल्यासारखं वाटतं. त्यासाठी पैसे मोजायला माझी ना नाही, पण त्याला बचत म्हणू नका. करमणूक म्हणा.

---

रिळवाला | मंगळवार, २१:३६

@स्पष्टवक्ती, वाचताना बायको मागे उभी होती. तिने फक्त खांद्यावर थाप मारली.

गल्लेकाकांच्या चार्जरवर येतो. वहीतल्या सहा बिनकामाच्या वस्तूंत एक चार्जर आहे. चालत होता, पण हातात घेतला तर वजनच लागेना. फोडला. आत एका बाजूला भिंतीतली वीज, दुसऱ्या बाजूला फोनला जाणारे ५ व्होल्ट. या दोन बाजूंत सर्किट बोर्डावर काही मिलिमीटरचं मोकळं अंतर सोडावं लागतं. इथे माझं नख कसंबसं बसलं. ट्रान्सफॉर्मरवर पिवळी टेप नावापुरती एक वेढा. म्हणजे फोन चार्जिंगला लावून कानाला लावला तर माझ्या आणि भिंतीच्या मध्ये तो एक वेढा. त्या दिवसापासून ज्याला थेट भिंतीत लावायचं ते परदेशी साइटवरून बंद.

दुसरी वस्तू म्हणजे पेनड्राइव्ह, २ टीबी लिहिलेला. कॉम्प्युटरही २ टीबी दाखवायचा. आतल्या चिपलाच खोटं बोलायला शिकवलेलं असतं. खरी जागा ३२ जीबी. ती भरली की जुन्यावरच नवीन लिहीत जातो, आणि फायलींची नावं मात्र सगळी दिसतात! माझ्या ध्वनिमुद्रणांची अशी माती झाली. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ नावाच्या फुकट सोयी आहेत. त्या ड्राइव्ह काठोकाठ भरतात आणि परत वाचून ताडतात. कोणताही पेनड्राइव्ह आला की आधी ते करा, मग फोटो टाका.

याउलट बेल्ट, स्क्रू, वॉशर, स्प्रिंग, प्लास्टिकचे गिअर, जुन्या रिमोटची बटणं, घड्याळाचे पट्टे यात वर्षभरात एकदाही पस्तावलो नाही. दिसायला तशी असली की ती तशीच असते, आत काही लपवायला जागाच नाही. बिघडली तर आग लागत नाही आणि हरवली तर रडू येत नाही. बावीसांतल्या सतरा या जातीच्या निघाल्या.

---

गल्ल्यावरून | बुधवार, ०७:५५

चार्जर फोडून बघितलात, बरं केलंत. माझ्या खोक्यावर आयातदाराचं नाव असतं म्हणालो ना, ते यासाठी. आग लागली तर लोक कोणाच्या दारात येतील हे त्या नावावर लिहिलेलं असतं. तो आयातदार त्याच कारखान्याला सांगतो की टेप तीन वेढे घाल, आणि प्रयोगशाळेचा कागद आण. माझ्या ३०मधला काही भाग त्या टेपचा आहे. सगळा नाही, एवढा सज्जन मीही नाही.

एक कबुली. गेल्या आठवड्यात काउंटरवरच्या जुन्या टॉर्चची स्प्रिंग मी त्याच साइटवरून मागवली. वितरक शंभराच्या खाली देईना.

---

फिरकी | बुधवार, ०८:०२

धागा इथेच फ्रेम करून लावा.

---

नवखा | बुधवार, १९:१४

सगळ्यांना धन्यवाद, बरंच कळलं. आता स्वार्थाचा प्रश्न. वडिलांचा टेपरेकॉर्डर माळ्यावर आहे, तोही फिरत नाही. उघडला तर बेल्ट तुटलेला नाही, पण सैल लोंबतोय. साइटवर माप मिलिमीटरमध्ये देतात, पण ते व्यासाचं की परिघाचं? मी बेल्ट टेबलावर गोल ठेवून मोजला तर ७२ आलं.

---

रिळवाला | बुधवार, २०:४१

तो व्यास झाला. चौकोनी छेदाचे बेल्ट विकणारे बहुतेक आतला परीघ देतात, पण सगळे नाही, म्हणून वर्णनातलं चित्र बघा. टेबलावर गोल ठेवून मोजू नका, बेल्ट कधीच पुरता गोल राहत नाही. दोन बोटांत चपटा धरा, अजिबात न ताणता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची आतली लांबी मोजा आणि दुप्पट करा. जो आकडा येईल तो सैल पडलेल्या बेल्टचा, त्यातून साधारण पाच टक्के वजा करा. जाडी मात्र नीट मोजा, व्हर्नियर नसेल तर दहा वेढे शेजारी शेजारी लावून एकूण माप घ्या आणि दहाने भागा... अरे हो, बेल्टला वेढे कुठून येणार, हे तारेसाठी असतं. व्हर्नियरच घ्या कोणाचा तरी मागून.

नवा बेल्ट चढवण्याआधी पुली स्पिरिटने पुसा. आणि मागवायच्या आधी मला माप कळवा. तीसपैकी एकच वापरलाय, एकोणतीस इथे डब्यात पडलेत.